आभाळातून उतरलेली पेटी उघडू नका

देगलूरच्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय.

हैदराबाद आपल्याला जवळच. तिथून टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठमोठे फुगे आभाळात सोडते. फुग्याखाली उपकरणांची पेटी बांधलेली असते. काम झालं की ती रंगीत छत्रीला लटकून खाली येते. कुठं येईल हे वाऱ्याच्या हाती. एखाद्या शेतातही उतरते, आणि गावात घबराट होते. म्हणून आज सांगायचं, अशा पेट्यांनी काय काय शोधलंय.

काही तारे जोडीनं राहतात. त्यातला एखादा न्यूट्रॉन तारा असतो, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गोळा. रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या तालुक्याएवढी. वजन मात्र सूर्याहून जास्त. तो जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढतो. त्याच्यातलं चुंबक इतकं जबर, की वायू चुंबकाच्या दोन टोकांकडं वळतो, तिथं आदळून कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात, तेच हे किरण.

मग इतक्या दुरून चुंबक मोजायचं कसं? समजा, ज्वारीच्या राशीत लहानमोठे सगळे दाणे आहेत, पण मधल्या एकाच मापाचे कमी आहेत. आपण लगेच ओळखू, कुणीतरी नेमके तेच वेचलेत. तसंच इथं होतं. चुंबकाभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन एका ठरावीक ताकदीचेच क्ष-किरण अडवतात. चुंबक जितकं जबर, तितके जास्त ताकदीचे किरण अडतात. कोणते किरण कमी पडले ते पाहायचं, की चुंबकाचं बळ कळतं.

ही खूण पहिल्यांदा १९७६ साली जर्मन शास्त्रज्ञांना दिसली, हर्क्युलिस एक्स-१ या जोडीत. उपकरण फुग्यालाच बांधलेलं होतं, कारण हवा क्ष-किरणांना खालपर्यंत येऊ देत नाही. चुंबकाचं बळ गॉसमध्ये मोजतात. आपल्या पृथ्वीचं साधारण अर्धा गॉस. त्या ताऱ्याचं तीन-चार लाख कोटी!

आपल्या टाटा संस्थेनंही हैदराबादच्या फुग्यांतून क्ष-किरणांची उपकरणं वर पाठवली. पुढं २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट उपग्रह गेला. त्यावरचं क्ष-किरण मोजणारं मोठं उपकरण मुंबईत याच संस्थेनं बनवलं. त्यानंही अशा ताऱ्यांची चुंबकं मोजली. त्याच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या लेकींनाही त्या पाहता येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, शेतात अशी पेटी दिसली तर भिऊ नका, नारळ फोडू नका, आणि उघडू तर मुळीच नका. आत जास्त दाबाची वीज असू शकते. लेकरांना लांब ठेवा. पेटीवर पत्ता लिहिलेला असतो. पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला कळवा. भंगारात ती चार पैशांची; पण आतली नोंद गेली, तर कित्येकांची वर्षांची मेहनत गेली.

येत्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.