तीन पायांचं मांजर

खर्डा-जामखेड रस्त्यावर गाडीखाली मांजराचा पाय चिरडला आणि डॉक्टरांनी तो काढायला सांगितला, तर धीर सोडू नका. मांजर तीन पायांवर सावरतं. रडारड माणसांचीच जास्त! पुढचा पाय गेला तर तोल साधायला जरा वेळ लागतो, कारण निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असतं. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर एका खोलीत, जमिनीवरच अंथरूण द्या. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर हवीच. शी-शूच्या ट्रेत वाळूऐवजी कागदाचे तुकडे घाला, म्हणजे टाक्यांत कण जात नाहीत. आपली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, मांजराला ती विषच. मांजरानं दिवसभर खाल्लं नाही किंवा जखमेतून पू आला, तर लगेच पशुवैद्यकांना दाखवा.