नोकरदाराची रजा आणि मालकाचे यंत्र



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय यांवर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. मी मात्र विमापत्रातील एका अपवादावर बोलणार आहे. मी पदवीधर नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो आणि कायद्याची पुस्तके संध्याकाळी वाचनालयात बसून वाचली. सध्या सुटीचे दिवस आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण कोकणात, देवदर्शनाला किंवा गावी जाणार असतील आणि कित्येकांच्या सामानात कचेरीचा लॅपटॉप असेल. तो वाटेत हरवला तर भरपाई कोणी करावयाची, हा आजचा विषय आहे.

पूर्वी सुताराची, गवंड्याची हत्यारे त्याची स्वतःची असत. इंग्लंडात १८६० साली सुतारांची जी संयुक्त संघटना स्थापन झाली, ती सभासदाची हत्यारे गेल्यास आपल्या निधीतून भरपाई देत असे. कारण हत्यारे गेली की रोजगारच गेला. गिरणीतला माग मात्र मालकाचा असे, पण तो कोणी जत्रेला बरोबर नेत नसे. आजची स्थिती चमत्कारिक आहे. यंत्र मालकाचे, परंतु ते वाहावयाचे नोकरदाराच्या खांद्याने, आणि तेही रजेच्या दिवशी.

आमच्याकडे असे एक प्रकरण आले होते. एका खाजगी कचेरीतील तरुण मुलगी चार दिवसांच्या रजेवर निघाली. साहेबांनी सांगितले, "यंत्र बरोबर असू द्या, लागलेच तर पाहता येईल." रात्रीच्या बसमधून पिशवी चोरीला गेली. परत आल्यावर कचेरीने सांगितले की, तुम्ही खाजगी सहलीला गेला होता, सबब नव्या यंत्राची पूर्ण किंमत पगारातून कापली जाईल. साहेबांचे बोलणे तोंडी होते. कागदावर फक्त त्या मुलीची सही होती.

अशा वेळी माणूस म्हणतो, विमा आहे ना? आता एकेक विमापत्र उघडून पाहू. घरसामानाचा विमा मुख्यत्वे घरात असलेल्या आणि घरच्या मालकीच्या सामानाचा असतो. प्रवासाच्या विम्यात पुष्कळदा विमानकंपनीच्या हवाली केलेल्या सामानापुरतेच संरक्षण असते, आणि धंद्याच्या किंवा मालकाच्या वस्तू अपवादांच्या यादीत टाकलेल्या असतात. राहिला कंपनीचा विमा. तो बहुधा यादीत नोंदलेल्या जागेपुरता असतो. यंत्र बाहेर नेण्याची मुभा हवी असेल तर तिचे कलम वेगळे घ्यावे लागते, आणि ते घेतले तरी गाडीत राखणीवाचून ठेवलेले यंत्र गेल्यास पैसे मिळत नाहीत, असे बहुतेक विमापत्रांत लिहिलेले असते. म्हणजे तीन छत्र्या आहेत, आणि आपला माणूस नेमका तिन्हींच्या मधल्या फटीत भिजत उभा आहे.

विमा नाही, तर कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एक मौजेचे उदाहरण दिले आहे. एका गृहस्थाने बनारसला जाण्यासाठी म्हणून कलकत्त्यास घोडा भाड्याने घेतला आणि तो नेला कटकला. घोडा त्याने जपूनच चालविला. तरी तो अपघाताने पडला व जायबंदी झाला. कायदा म्हणतो, भरपाई द्या; कारण ठरल्यापेक्षा वेगळ्या उपयोगासाठी तुम्ही तो नेला. एरवी दुसऱ्याची वस्तू आपण स्वतःच्या वस्तूइतकी सांभाळली तर, वेगळा करार नसल्यास, आपली जबाबदारी संपते. मात्र अटीबाहेर नेली की सांभाळल्याची सबब चालत नाही. तेव्हा सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो येथे: रजेत यंत्र नेण्यास मालकाची संमती होती की नव्हती? ज्याच्याजवळ कागद, त्याचा घोडा बनारसच्या वाटेवर. ज्याच्याजवळ नाही, त्याचा कटकच्या.

पण पगारातून कापणे ही बाब निराळी आहे, आणि येथे कायदा आपल्या बाजूचा आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात जे संरक्षण होते, ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. वस्तू स्पष्टपणे तुमच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे. नुकसान थेट तुमच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. कापण्यापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा एक रुपयाही अधिक कापता येत नाही. तीन वर्षे वापरलेल्या यंत्राला नव्याची किंमत लावणे यात बसत नाही. सर्व कपाती मिळून एका वेळच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. जुना कायदा २०१७ पासून महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू होता. नव्या संहितेत ती मर्यादा नाही. लॅपटॉप वाहणाऱ्या वर्गाला ही गोष्ट मोलाची आहे, आणि तिची वार्ताही अनेकांना नाही.

वर सांगितलेल्या प्रकरणात आम्ही एवढेच विचारले की, या मुलीची हयगय कोणती ते लेखी सांगा, आणि यंत्राची त्या दिवशीची किंमत काय तेही सांगा. कपात थांबली.

आणखी एक धोका आहे. विमा कंपनी मालकाला भरपाई देते तेव्हा ती मालकाच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून वसुली करू शकते. इंग्लंडात रोमफोर्ड येथील एका बर्फ कंपनीच्या चालकाची लॉरी मागे घेताना त्याच्याच वडिलांना धक्का बसला. तेही त्याच कंपनीचे नोकर. विमेवाल्यांनी वडिलांना भरपाई दिली आणि मग कंपनीच्या नावाने मुलावर दावा लावला. १९५६ च्या अखेरीस तेथील सर्वोच्च न्यायपीठाच्या पाचांपैकी तिघांनी निकाल विमेवाल्यांच्या बाजूने दिला! त्यावर एवढा गहजब झाला की, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेले गैरकृत्य नसेल तर नोकरावर असे दावे लावणार नाही, असे विमेवाल्यांनी आपसांत ठरविले. ते संरक्षण कायद्याने दिले नाही, लोकमताच्या दडपणाने मिळाले.

म्हणून आमची मागणी साधी आहे: पावती किंवा पत्र. रजेवर निघताना यंत्र कचेरीत जमा करून पावती मिळण्याची सोय असावी. ते बरोबर न्यावे अशी मालकाची इच्छा असेल, तर तारखा व ठिकाण घालून पत्र द्यावे, बाहेरगावच्या संरक्षणाचा हप्ता कंपनीने भरावा आणि नोकरदारावर वसुलीचा दावा लावणार नाही हे कलम विमापत्रात घालून घ्यावे. ज्याला रजेतही आपले काम व्हावे असे वाटते, त्याने रजेतली जोखीमही उचलावी. याउलट, कोणाला सिनेमा पाहण्यासाठी किंवा मुलांच्या खेळासाठी कचेरीचे यंत्र न्यावयाचे असेल, तर त्याची जोखीम मालकाच्या माथी मारणे संघटनेला शोभणार नाही. हक्क सांगावयाचा तर हिशेब दोन्ही बाजूंनी चोख हवा.

आणि इतके करूनही चोरी झालीच, तर घरी परतण्याची वाट पाहू नका. गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविता येते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट केले आहे. त्याच दिवशी कचेरीला लेखी कळवा, कारण विमापत्रे विलंब खपवून घेत नाहीत. "जे काही नुकसान होईल ते मी भरून देईन" अशा कोऱ्या हमीवर सही करण्यापूर्वी चार माणसांना विचारा. एकट्याची विचारपूस कचेरीला तक्रार वाटते. चाळीस जणांनी मिळून विचारले की तिचा नियम होतो.

रजा हा कामगाराने झगडून मिळविलेला हक्क आहे. ती घेताना पावती खिशात असावी आणि खांदा मोकळा असावा, एवढेच सांगून मीही आपली रजा घेतो.