फोटोंनी जड झालेली फाइल

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला दरवर्षीची एक ओढ लागली. आता छापील अंकाबरोबर पीडीएफही संकेतस्थळावर ठेवली जाते. ग्रंथालयांच्या स्मरणिका, संस्थांचे जुने अंकही असेच घरोघरी पोचू लागले आहेत. फार मोलाचं काम आहे हे. पण पुष्कळदा ती फाइल शंभर-सव्वाशे एमबीची असते. सेकंदाला एक मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर १२० एमबी उतरायला १६ मिनिटं लागतात. रेंज जेमतेम असलेल्या गावातला वाचक मध्येच नाद सोडतो. आणि ज्याला छापील अंक मिळत नाही, त्याच्यासाठीच तर ती फाइल तिथे ठेवलेली असते!

हे वजन अक्षरांचं नसतं. शंभर पानांचा नुसता युनिकोड मजकूर एका एमबीत सहज मावतो. वजन असतं चित्रांचं. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं की आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एका पानाचे कच्चे २६ एमबी झाले. तेच पान १५० डीपीआयला आणलं की ठिपके निम्मे नव्हे, पाव होतात. लांबी आणि रुंदी दोन्हीकडून ते कमी होतात ना! छपाईला ३०० लागतात, मोबाइलवर फोटो बघायला १५० पुष्कळ झाले. म्हणून छापखान्याला दिलेली फाइल तशीच्या तशी चढवू नये. तिच्यात रंगही छपाईचे चार असतात; पडद्याला तीन पुरतात.

डीटीपी करणाऱ्यांना आणखी एक सांगावं. फॉन्ट बदलू नये म्हणून छपाईच्या फाइलमध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करून देतात. त्यानंतर अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसती आकृती उरते. फाइल फुगते आणि लेखकाचं नाव टाइप करून शोधायला गेलं तर काही सापडत नाही. वेबच्या प्रतीत मजकूर मजकूरच ठेवावा आणि फॉन्ट एम्बेड करावा.

आता फोटो आणि अक्षरं यांच्यात भेद करायला हवा. जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. चेहऱ्यात, आभाळात ते कळत नाही. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराला मात्र फार दाबलं की त्याच्या कडेला करडी धूळ दिसू लागते. देवनागरीत हे परवडत नाही. ‘मुलाचं’ आणि ‘मुलांचं’ यांतला सगळा फरक एका टिंबात आहे.

खिळे जुळवून छापलेला एखादा जुना अंक घ्या. कागद पिवळा पडलेला. रंगीत स्कॅन केला तर त्या पिवळेपणातच कितीतरी जागा जाते. नुसत्या मजकुराचं पान शुद्ध काळं-पांढरं केलं, तर ३०० डीपीआयलाही कच्चा आकार एक एमबीच्या जरासाच वर जातो. फॅक्ससाठी तयार झालेली ग्रुप-४ ही पद्धत एकही ठिपका न गमावता तो बहुधा शंभर केबीच्या आत आणते. फक्त काळं कुठून धरायचं, ती मर्यादा जपून ठरवावी; झिजलेल्या खिळ्याचा फिका अनुस्वार पिवळ्याबरोबर पुसला जातो.

जेबिग-२ नावाच्या पद्धतीत एकसारखी वाटणारी अक्षरं एकदाच साठवण्याची सोय आहे. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की या पद्धतीमुळे झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलत होते, सहाचा आठ होत होता, आणि पान तर अगदी स्वच्छ दिसत होतं. अंधुक अक्षर निदान शंका घ्यायला लावतं. असा बदललेला आकडा तेवढंही करत नाही. ताळेबंद, वंशावळ, सनावळ्या असतील तिथे काहीही न गमावणारा लॉसलेस पर्यायच निवडावा, फाइल थोडी मोठी झाली तरी चालेल.

मूळ स्कॅन कधीही पुसू नका. दाबलेल्या प्रतीवरून ते परत मिळत नाहीत. नवी प्रत स्वतःच्या मोबाइलवर उघडून सगळ्यात बारीक टाइप वाचून बघा, फोटोखालची ओळ किंवा तळटीप. सेव्ह करताना ‘फास्ट वेब व्ह्यू’ चालू ठेवा, म्हणजे पीडीएफची मांडणी बदलते आणि सोय असलेल्या ब्राउझरमध्ये पूर्ण फाइल उतरायच्या आधीच पहिलं पान दिसू लागतं. आणि डाउनलोडच्या दुव्याशेजारी फाइल किती एमबीची आहे ते लिहा. डेटा मोजून वापरणाऱ्याला तो आकडा आधी कळायला हवा.