नावाखालची ओळ

नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथले माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेत. लिंक्डइनवर संस्थेच्या पानावर ते शहर आणि कंपनीनुसार शोधता येतात. नवख्या पदवीधराची पहिली ओळख इथूनच निघते.

पण आपल्या प्रोफाइलवर नावाखालची ओळ बोलकी हवी. तिथे २२० अक्षरं मावतात. तरी पुष्कळ जण ‘नोकरीच्या शोधात’ लिहून मोकळे होतात!

लातूरच्या डाळमिलमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या मुलीनं कोणतं यंत्र हाताळलं, कोणता बिघाड शोधला, हे लिहावं. वाचणारा तिथे थांबतो. फोटोत चेहरा स्पष्ट हवा. लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला नको.

ओळखीची विनंती पाठवताना बॅच सांगावी, कामाबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारावा. आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्या ‘एचआर’ला उत्तरच देऊ नये.