मिळालेल्या दानाचा विनियोग



महोत्सवानिमित्त तरुण मंडळी आज मोठ्या संख्येनें जमली आहे, म्हणून एका खेळाडूची कथा सांगतों.

१ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारताचा फुटबॉल सामना यजमान ऑस्ट्रेलियाशीं झाला. मूळचे गोव्याचे व मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेले नेव्हिल डिसोझा आपल्या आघाडीवर होते. त्यांनीं एकट्यानें तीन गोल केले. ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई होत. भारत ४-२ नें जिंकला. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्धहि पहिला गोल त्यांचाच. परंतु तो सामना १-४ असा गेला. पुढें बल्गेरियानें ०-३ नें हरविलें व पदक हुकलें. १९८० सालीं, पन्नाशीहि न गांठतां, नेव्हिल देवाघरीं गेले.

मग त्यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळींच नाहीं. प्रभूच्या दृष्टांतांतील धनी चाकरांस एवढेंच विचारतो, सोपविलेलें द्रव्य राबविलें कीं जमिनींत पुरून ठेविलें? नेव्हिल यांनीं तें पुरलें नाहीं.

आईबापांनो, तुमच्या लेकरास खेळाचें, गळ्याचें वा हाताच्या कसबाचें दान लाभलें असेल, तर पदकाची शाश्वती नाहीं म्हणून तें दडपूं नका. माकणीच्या धरणांतील पाणी शिवारास पोंचतें तेव्हांच त्याचें सार्थक होतें. देवाच्या दानाचेंहि तसेंच आहे.

प्रभु आपणां सर्वांस ही सुबुद्धि देवो.