बिनफुप्फुसाचा डोंगरवासी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी आपणांस एका चिमुकल्या प्राण्याविषयी दोन शब्द सांगणार आहे. त्याचे नाव वेलरचा सॅलॅमँडर. सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकासारखा उभयचर. त्याचा एक दूरचा नातलग आपल्या दार्जिलिंगच्या डोंगरांतही आहे. वेलरचा सॅलॅमँडर मात्र अमेरिकेतील अ‍ॅपलाशियन पर्वतात, बहुधा ५००० फुटांवरील स्प्रूस वृक्षांच्या थंड, दमट जंगलात राहतो. लांबी जेमतेम ३ इंच, काळसर अंगावर सोनेरी ठिपके.

नवलाची गोष्ट अशी की, या प्राण्याला फुप्फुसेच नाहीत! तो त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून श्वास घेतो. त्वचा ओली असेल तरच प्राणवायू आत शिरतो. म्हणून तो शेवाळाखाली, ओंडक्याखाली दडून राहतो. मादी कुजलेल्या ओंडक्यात अंडी घालते व त्यांची राखण करते. जंगलातला कुजका ओंडका आपल्याला कचरा वाटतो. या जीवाचे ते घर आहे.

हा प्राणी शोधला कोणी? वर्थ हॅमिल्टन वेलर या सिनसिनाटीच्या एका शाळकरी मुलाने! नॉर्थ कॅरोलिनातील ग्रँडफादर पर्वतावर त्याला तो सापडला. १९३१ साली चार्ल्स वॉकर यांनी ही नवी जाती म्हणून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व तिला वेलरचे नाव दिले. दुर्दैवाने त्याच वर्षी, शालेय शिक्षण संपताच, त्याच पर्वतावर प्राणी गोळा करताना वेलरचा अपघाती मृत्यू झाला. वय अवघे १८ वर्षे!

पुढे युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने त्या पर्वतांवरील असंख्य फर वृक्ष वठले. झाडे गेली की सावली जाते, जमीन सुकते. ज्याचा श्वासच ओलाव्यावर चालतो, त्याने मग जायचे कोठे? डोंगरमाथ्याच्या वर तर डोंगर नसतो!

पालकहो, मूल चिखलाने माखून घरी आले, तर रागावण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, "बाळ, काय पाहिलेस?" आणि विद्यार्थी मित्रांनो, दगड उचलून जरूर पाहा, पण तो पुन्हा जागच्या जागी ठेवा, आणि डोंगरात जाताना सोबत व सावधगिरी सोडू नका. ज्ञान हवे, तसेच ते घेणारी मुलेही आम्हांला सुखरूप हवी आहेत.