युद्धकाळातला त्याग आणि त्याचा हिशेब

युद्ध आलं की माणसं बदलतात, असं आपण सहज म्हणून जातो. एरवी सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये पन्नास रुपये वाढले तर वार्षिक सभेत दोन तास भांडणारे लोक लढाईच्या दिवसांत हातातल्या पाटल्या उतरवून देतात, एक वेळचं जेवण सोडतात, काचांना काळे कागद चिकटवून अंधारात बसतात. हे कसं घडतं, याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. संकटात माणसाचं मूळचं चांगुलपण वर येतं, हे एक. समोर शत्रू दिसल्याशिवाय आपल्याकडे कोणी काही सोडत नाही, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात. युद्धात लोक देतात, कारण तेव्हा नेमकं काय द्यायचं ते कळलेलं असतं आणि शेजारीही देतोय हे दिसत असतं. हे दिसेनासं झालं की ऐन युद्धकाळातही हात आखडतो, आणि दिसत राहिलं तर शांततेतही लोक देतात.

दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करू. ते युद्ध आपलं नव्हतं. व्हाइसरॉयनी इथल्या कुणा लोकप्रतिनिधीला न विचारता भारताला त्यात ओढलं, म्हणूनच १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यामुळे देशप्रेम बाजूला ठेवून त्यागाची नुसती यंत्रणा पाहायला हा काळ सोयीचा आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. कार्डावर माणशी ठरलेलं धान्य, बंगल्याला तेच आणि चाळीलाही तेच. लोकांनी कुरकुर केली, खडे निवडले, रांगा लावल्या, पण पद्धत मानली. त्याच वर्षी, त्याच साम्राज्याच्या अमलाखाली बंगालमध्ये काय झालं? कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळेल अशी तजवीज झाली, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी भडकलेल्या भावांच्या हवाली झाला. वीस ते तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिलं की प्रश्न धान्याच्या एकूण साठ्यापेक्षा ते कुणाच्या हाती पडतं याचा होता. युद्धाची झळ दोन्हीकडे होती. एका ठिकाणी ती मोजून वाटली गेली आणि दुसरीकडे ज्याच्या अंगावर पडली त्याने ती एकट्याने सोसली. दुसऱ्या प्रकाराला त्याग म्हणणं ही भाषेची क्रूर थट्टा आहे.

आता आपलं स्वतःचं युद्ध. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भावना घरोघर झाली. राष्ट्रीय संरक्षण निधीला पैसे आले, दागिने आले. बायकांनी मंगळसूत्रंसुद्धा दिली. ही उदारता खरी होती, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण पाठोपाठ सरकारने सुवर्णरोखे काढले. १५ वर्षांची मुदत, साडेसहा टक्के व्याज आणि सोन्याची किंमत धरली आंतरराष्ट्रीय दराने, म्हणजे इथल्या बाजारभावाच्या जवळपास निम्मी. जमलं सुमारे १६ टन. पुढे १९९३ मध्ये कुठलंही युद्ध नसताना असेच रोखे निघाले. मुदतीअंती सोनंच परत मिळणार होतं आणि ते कुठून आणलं, हे कुणी विचारणार नव्हतं. तेव्हा जमलं सुमारे ४१ टन. यावरून माणूस लोभी असतो एवढाच निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला दिसतं ते असं की दान आणि सौदा या दोन वेगळ्या गोष्टी लोकांना नीट कळतात. दान म्हणून मागितलं तेव्हा बांगडी निघाली. सौदा म्हणून मागितलं तेव्हा भाव पाहिला गेला.

याहून बोलकं प्रकरण आहे जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाचं. भारत संरक्षण नियमांखाली अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी केली. १४ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, बाकी तांबं किंवा चांदी. असा धातू टणक असतो आणि ठुशीच्या किंवा पाटलीच्या नाजूक कामाला तो सहज वळत नाही. गिऱ्हाईकही फिरकेना. हेतू होता चोरट्या आयातीला आळा घालण्याचा आणि परकीय चलन वाचवण्याचा. हेतूत खोट नव्हती. पण भार पडला तो बागेसरीपुढे बसून मजुरीवर काम करणाऱ्या सोनारावर. पेढीचा मालक भांडवलावर तग धरू शकत होता. फुंकणी आणि चिमटा एवढंच ज्याचं भांडवल, तो कारागीर देशभर उघड्यावर आला, काहींनी जीव दिले. शत्रू तोच होता, युद्धासाठी लावलेली आणीबाणी उठलेली नव्हती, देशप्रेमही दोन महिन्यांत आटलेलं नव्हतं. तरी विरोध झाला आणि सरकारला टप्प्याटप्प्याने सवलती द्याव्या लागल्या. सगळ्यांच्या नावाने काढलेला हुकूम एका जातीच्या पोटावर आला, हे लोकांना दिसलं होतं. तरीही कायद्याचं रूप घेऊन ते नियंत्रण १९९० पर्यंत टिकलं. युद्धाच्या निमित्ताने आलेली बंधनं युद्धाबरोबर जात नाहीत, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा आधी स्वतःच्या घरात ते केलं. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद दिसू लागली. मागणं लहान होतं, पण ते कोण पाळतंय हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळत होतं. (ज्याच्या घरात रोजच एक वेळ चूल पेटत होती त्याला या आवाहनात जागा नव्हती, हेही नोंदवून ठेवू.)

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण शत्रूशिवाय एवढं तरी घडलं असतं का? त्याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे आणि ते इथे बसलेल्या बहुतेकांच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. म्हणून १९७५ मध्ये हा कर आला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. ठाणे-डोंबिवलीहून लोकलने कामाला जाणाऱ्या कारकुनाने मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी द्यायची, आणि त्यासाठी कुठलीही सीमा पेटलेली नव्हती. हा कर कुणी हौसेने भरत नाही, हे मान्य. पण सक्ती युद्धातही असते, रेशनिंग काही ऐच्छिक नव्हतं. मुद्दा असा की सक्ती न्याय्य वाटली तर लोक ती सोसतात. खंत वेगळीच आहे. हे २५०० रुपये मुळात कशासाठी सुरू झाले हे आज कापून घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ज्याचे कापले जातात त्यालाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऐन लढाईत हिशेब मागत बसलं तर मनोधैर्य खचतं, शत्रूचं फावतं, असं म्हणतात. इतिहास तसं सांगत नाही. मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या अपयशावर ब्रिटिश संसदेत दोन दिवस वाभाडे निघाले, पंतप्रधान बदलला आणि देश त्यानंतर पाच वर्षं लढला. आपल्याकडे नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी फौजा खाली उतरत असताना संसदेचं अधिवेशन भरलं, चव्हाणांच्या आधी संरक्षणमंत्री असलेल्या कृष्ण मेनन यांना जावं लागलं, नेहरूंना घरच्या आणि दारच्या टीकेला तोंड द्यावं लागलं. त्याच आठवड्यांत निधीसाठीच्या रांगाही लागत होत्या. प्रश्न विचारणारे आणि देणारे बहुधा तेच लोक होते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत डोंबिवलीचे तिघे होते. त्यांना निरोप द्यायला भागशाळा मैदानावर लोटलेल्या गर्दीत दुःख होतं, संताप होता, आणि सुरक्षा कुठे होती हा प्रश्नही होता. त्या प्रश्नाने कुणाचं देशप्रेम उणं झालं नाही.

मात्र हिशेब टाळला तर काय होतं, ते पाहायला कल्याणहून मलंगगडाच्या वाटेला लागावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नेवाळी परिसरात धावपट्टीसाठी दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. तेव्हाच उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीचं पुढे काय झालं, ते आपण जाणतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. एकाच्या युद्धाची छावणी दुसऱ्याच्या निवाऱ्याला उपयोगी पडली. नेवाळीला तसा शेवट मिळाला नाही. आमची जमीन लढाईपुरती घेतली होती, असं शेतकरी सांगतात. ती रीतसर संपादित होऊन संरक्षण खात्याकडे आली, अशी सरकारी बाजू आहे. मधल्या काळात तिथे भातशेती होत राहिली. २०१७ मध्ये नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतली आणि २२ जूनला रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसं छर्ऱ्यांनी जखमी झाली. जाळपोळीचं समर्थन करता येणार नाही. पण त्या दिवशी भांडण चाललं होतं ते हिटलरच्या काळातल्या एका युद्धाच्या बाकीवर. कागदोपत्री कुणाची बाजू खरी ठरेल ते ठरो. आजोबाने जमीन दिली की त्याच्याकडून ती घेतली गेली, एवढ्या साध्या प्रश्नाचं सर्वांना पटेल असं उत्तर नातवाला मिळू नये, यात व्यवस्थेचा दोष आहे.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत ठाणेही होतं. भोंगा वाजला की काय करायचं ते आपण शिकलो, चांगलं झालं. आता हिशेबासाठी आपल्या आमदार-खासदारांकडे दोन मागण्या करा. व्यवसाय करातून किती जमलं आणि ते कुठे गेलं, याचा तक्ता दरवर्षी पगारदारांपर्यंत पोचू द्या. आणि नेवाळीची मूळ संपादनाची कागदपत्रं गावकऱ्यांसमोर उघडी करून त्या जमिनीचा निकाल एकदाचा लावा.